मोज्याची टाच, कासवाची पाठ: मुलांसाठी मोज्यांची खेळणी

मोजा हातात घेतला की आधी त्याची टाच बघायची. रंग नंतर, नक्षी नंतर. सपाट कापडाला फुगीरपणा द्यायचा तर टक्स घ्यावे लागतात, तुकडे जोडावे लागतात. कटोरी ब्लाउज शिवणारीला हे सांगायला नको. मोज्यात ते काम विणणाऱ्या यंत्राने आधीच करून ठेवलेलं असतं. टाचेपाशी वीण वळवून एक खोलगट भाग तयार झालेला असतो. त्या भागाचं काय करायचं हे ठरलं की अर्धं खेळणं ठरलं. टाच पाठ होईल, बूड होईल किंवा पुढे आलेलं तोंड होईल.

मी दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते आणि शिवणवर्ग चालवते. ब्लाउज, परकर, गाऊन हे तर शिकवतेच, पण श्रावणात लावणी उरकून बायकांना जरा उसंत मिळाली की मोज्यांची खेळणी शिकवते. म्हणजे गणपतीला मुंबईहून पोरं येतात तेव्हा त्यांच्या हातात द्यायला काहीतरी तयार असतं.

मोज्याचं प्रसिद्ध माकड अमेरिकेतलं. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावात नेल्सन निटिंग कंपनी कामगारांसाठी तपकिरी मोजे विणायची. नकली माल ओळखता यावा म्हणून १९३२ पासून त्यांची टाच लाल केली, आणि घरोघरच्या बायकांनी त्या लाल टाचेत माकडाचं तोंड पाहिलं. १९५५ साली त्या माकडाचं पेटंट कंपनीला मिळालं आणि मोज्यांच्या जोडीबरोबर माकडाची कृती मिळू लागली. आजही कुठेही मोज्याचं माकड बघा, कापायची पद्धत बहुतेक तीच असते. त्या अनोळखी बायकांचं मला फार कौतुक वाटतं, कारण टाच बघायची नजर त्यांची.

मोजे कुठून आणायचे? आपल्याकडे दमट हवेत मोजे घालतं कोण, तर शाळेतली मुलं आणि मुंबईकर. मुंबईकरांना सांगून ठेवा, एकेकटे उरलेले मोजे पिशवीभर येतात. शाळेचे राखाडी आणि निळे मोजे उत्तम. पांढरे असतील तर तळव्याला जांभ्याची लाल माती धरलेली असते, ती कुठल्याच साबणाने जात नाही. तो भाग टाकू नका. पोट, तळवे, कानाची आतली बाजू यांना तो रंग छान दिसतो. विरलेली टाच मात्र नको. मोजा उजेडासमोर धरा, आरपार दिसत असेल तर भरल्यावर तिथूनच फायबर बाहेर येणार. सुती मोजा सगळ्यात बरा. फार तलम नायलॉनचा घेतला तर सुईच्या एका ओरखड्याने शिडी पडते. मोजे नवे असले तरी गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच कापा, म्हणजे जे काही आटायचं ते आधीच आटेल. वरच्या इलास्टिकच्या पट्टीचा दम गेला असेल तर ती कापून टाका.

आता भरायचं काय, हा प्रश्न. इथे कोकणातली हवा लक्षात ठेवूनच ठरवायला हवं. घरात जुन्या उशीतला कापूस असतो, परड्यात सावरीची बोंडं असतात, आणि फुकटचं वापरावं असं कोणालाही वाटतं. पण साधा कापूस पाणी पितो आणि धुतल्यावर त्याच्या गाठी होतात. आषाढात असं खेळणं आतून वाळतच नाही. वरून कोरडं लागतं, पण नाकाशी धरलं की कुबट वास येतो, आणि मूल ते तोंडात घालत असतं. सावरीचा कापूस इतका हलका की मोज्याच्या विणीतून निसटतो आणि नाकातोंडात जातो. वजनासाठी काही जण तांदूळ किंवा चवळी भरतात, त्यांना पोरकिडे लागतात. किनाऱ्यावरची वाळू तर नकोच. तिच्यात मीठ असतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे ती कायम दमट राहते. थर्माकोलचे मणी लहान मुलांच्या घरात आणूच नयेत. शिवण उसवली तर ते सरळ श्वासात जातात. गादीवाल्याकडे उशीचं पॉलिएस्टर फायबर मिळतं, ते घ्या. ते पाणी धरून ठेवत नाही, दाबून सोडलं की पुन्हा फुलतं. पाव किलोत दोन वानरं आरामात होतात.

ह्याच कारणाने माझी खेळणी लहान असतात. आठ सेंटिमीटरपेक्षा जाड काही मी शिवत नाही. जाड खेळणं पावसाळ्यात वाळायला फार दिवस घेतं, आणि जे धुता येत नाही ते मुलाला देऊ नये.

शिलाईचं एक सूत्र आधी सांगते, बाकी सगळं त्यावर उभं आहे. मोज्याचं कापड ताणतं, त्यामुळे शिवणही ताणली गेली पाहिजे. यंत्राची सरळ टीप ताणली की दोरा तटकन तुटतो. यंत्रावर करायचं तर बारीक झिगझॅग घाला आणि होजिअरीसाठीची गोल टोकाची सुई लावा, नाहीतर टाके सुटतात. पण मी वर्गात हातशिलाईच करायला लावते. पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी घ्या आणि उलटी टीप घाला: एक टाका पुढे, अर्धा मागे. टाके दोन-अडीच मिलिमीटरचे, जवळजवळ. फार आवळू नका. दर चार बोटांवर थांबून शिवण आडवी ताणून पाहा. दोरा कटकटला तर घट्ट झाली आहे, फट दिसली तर सैल. धावदोरा फक्त चुण्या घ्यायला वापरायचा.

आणि आधी शिवायचं, मग कापायचं. कपड्याच्या उलट हा क्रम आहे, पण मोजा कापला रे कापला की कडा गुंडाळतात आणि वीण सुटायला लागते. म्हणून मोजा उलटा करून, सपाट पसरून, खडूने आकार काढायचा, रेषेवर टीप घालायची आणि मग बाहेरून पाव इंच सोडून कापायचं. वळणावर कात्रीने बारीक चिरा द्या, टाक्याला न लावता.

कासव

हे माझं आवडतं, आणि इथल्या मुलांच्या ओळखीचं. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आता आंजर्ल्यालाही पिल्लं समुद्रात सोडताना बघायला माणसं येतात. आमच्या पोरांनी खरं पिल्लू पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना कसंही कासव चालत नाही. माझी नात पहिल्यांदा पुढचे पाय मोजते. तळ्यातल्या कासवासारखे चार सारखे पाय केले की म्हणते, "आजी, हे पोहणार कसं?" तिचं बरोबर आहे. समुद्री कासवाचे पुढचे पाय वल्ह्यांसारखे लांब असतात, मागचे आखूड आणि रुंद. आणि ते डोकं पाठीत ओढून घेऊ शकत नाही, म्हणून डोकं बाहेरच शिवायचं.

मोठ्या माणसाच्या पायाचा एक करडा किंवा शेवाळी मोजा घ्या आणि पोटासाठी एक पांढरा. शेवाळी मोज्याची टाच मध्ये येईल असा साधारण तेरा सेंटिमीटर लांब आणि अकरा रुंद आकार सुलट्या बाजूला खडूने आखा. पुढे रुंद, शेपटीकडे निमुळता. रिडलेची पाठ अशीच बदामी आकाराची असते. भरतकाम झाल्यावर पाठ बाजूने पाव इंच सोडून कापायची आहे. हा तुकडा मात्र शिवायच्या आधीच कापावा लागतो, म्हणून कापल्याबरोबर कडेने एक धावदोरा घालून ठेवा. पोटाचा तुकडा पांढऱ्या मोज्याच्या तळव्यातून त्याच मापाचा, त्याच पद्धतीने. दोन्ही तुकड्यांचा ताण आडवा येईल असं बघा. एकाचा आडवा आणि दुसऱ्याचा उभा आला तर भरल्यावर कासव पिळवटतं.

पाठीवरच्या खवल्यांचं भरतकाम शिवण्याआधीच करायचं. मोज्यावर भरताना कापड सुरकुततं, म्हणून मागे जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा ठेवून दोन्हीतून टाके घ्या. रिंगमध्ये मोजा ताणून बसवू नका, काढल्यावर आकार आक्रसतो. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या आणि साखळी टाका घाला, साखळी सैल ठेवून. मधोमध एक ओळ, तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा खवले. हिरव्या समुद्री कासवाला बाजूला चारच असतात. रिडलेला बहुधा सहा किंवा जास्त, आणि कधी एका बाजूला एक अधिक. तेव्हा तुमची ओळ थोडी वाकडी आली तर काही बिघडत नाही. भरून झालं की मागची मलमल टाक्यांच्या बाहेरून कापून टाका.

पुढचे पाय: मोज्याची नळी उलटी, दुहेरी सपाट पसरा. नऊ सेंटिमीटर लांब, टोकाकडे मागे वळलेला आकार दोनदा काढा. मागचे पाच सेंटिमीटरचे, गोलसर. टीप घाला, कापा, पेन्सिलच्या बोथट बाजूने सुलटे करा. ह्यांत फायबर ठासायचं नाही. जुन्या टॉवेलचा एक पातळ थर आत सरकवला की पाय चपटे आणि लवचिक राहतात. डोक्यासाठी मोज्याचं बोटांकडचं टोक घ्या, सात सेंटिमीटरवर कापून. बंद टोकात फायबर नीट भरा आणि मानेकडचे दोन सेंटिमीटर रिकामे ठेवा.

आता जोडणी, आणि खेळण्याची खरी ताकद इथे आहे. पाठ सुलटी ठेवा, चारही पाय आणि डोकं तिच्यावर आतल्या दिशेने तोंड करून ठेवा, कापलेल्या कडा पाठीच्या कडेला जुळवून. त्यावर पोट उलटं ठेवा. सगळं टाचून सभोवार उलटी टीप घाला, शेपटीकडे पाच सेंटिमीटर उघडं सोडून. पाय आणि मान जिथे येतात तिथे टीप दोनदा फिरवा. असे दोन कापडांच्या मध्ये शिवणीत धरलेले अवयव मुलाने कितीही ओढले तरी निघत नाहीत. वरून चिकटवल्यासारखे शिवलेले अवयव आधी सुटतात. म्हणून आकृती काढतानाच विचार करा, कुठला भाग शिवणीत धरता येईल? जो येत नाही तो खरंच हवा आहे का?

सुलटं करा आणि भरा. फायबर पिंजून, चिमूटभर चिमूटभर. मोठा गोळा कोंबला की बाहेरून ढेकळं दिसतात. आधी कडा, मग मध्य. टाचेचा भाग आपोआप वर उचलला जाईल आणि पाठ तयार. किती भरायचं? अंगठ्याने दाबलं की खड्डा पडावा आणि सोडलं की भरून यावा. उघडी जागा बंद करताना दोन्ही कडा आत दुमडा, एकदा ह्या घडीतून आणि एकदा त्या घडीतून सुई काढत जा, चार-पाच टाके झाले की दोरा हलकेच ओढा. टाके आत लपतात. शेवटी गाठ मारून सुई खेळण्यातून आरपार काढा आणि दोरा ओढून धरून कापा, शेपूट आत जाते.

वानर

राखाडी मोज्यांची जोडी मिळाली, आणि त्यात टाच काळी असली, तर दुसरं काही शोधूच नका. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर आंब्याच्या दिवसांत आपल्याला नकोसं होतं, पण मुलांचा त्याच्यावर भारी जीव.

पहिला मोजा उलटा करा, टाच वर येईल असा सपाट ठेवा. बोटांकडचा भाग डोकं होणार, टाच बूड होणार, वरची नळी दोन पाय. नळीच्या मधोमध उभी रेघ काढा. तिच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर टीप घाला, पायाच्या टोकाला वळवून बंद करा, पण टाचेच्या अलीकडे साडेसात सेंटिमीटर शिवू नका. मग मधून कापत टाचेच्या चार सेंटिमीटर अलीकडे थांबा. पायांच्या मधली ही फटच भरायचं तोंड, बंद केल्यावर कोणाला दिसत नाही. डोकं भरून झालं की मानेशी धावदोरा घालून हलकी चुणी घ्या. आवळून गळा बारीक केलात तर मान लुळी पडते.

दुसऱ्या मोज्याच्या नळीतून दोन हात, पावलाच्या वरच्या बाजूतून शेपटी, तळव्यातून दोन कान. टाच कापून घ्या, कड आत दुमडून चेहऱ्यावर बसवा आणि भोवताली काजटाका घाला. बंद करायच्या आधी तिच्यात थोडं फायबर भरलं की तोंड पुढे येतं. खऱ्या वानराची शेपटी अंगापेक्षा लांब असते, खेळण्यात मात्र वीस सेंटिमीटरवर थांबा. लांब शेपटी गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते. हात, शेपटी आणि कान इथे नंतर जोडावे लागतात, म्हणून प्रत्येकाभोवती टीप दोनदा फिरवा.

डोळे

चेहरा सगळ्यात शेवटी. डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवा, प्राणी लगेच लहान पिल्लू दिसतो. वर आणि जवळजवळ ठेवले की रागीट, म्हातारा दिसतो. आधी काळ्या कागदाच्या टिकल्या ठेवून जागा ठरवा आणि ज्याच्यासाठी शिवताय त्या मुलाला विचारा. मुलं ह्यात फार पक्की असतात.

बटणं, मणी, टिकल्या, घुंगरं तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला लावायची नाहीत. मागून वॉशर लागणारे प्लास्टिकचे डोळे "सेफ" म्हणून विकतात, पण मोज्याची वीण ताणली की भोक मोठं होतं आणि डोळा वॉशरसकट हातात येतो. डोळे दोऱ्यानेच भरा, भरीव टाक्याने, आणि त्यात एक पांढरा ठिपका. लहान भागांसाठी खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते बाळाच्या घशात अडकू शकतं. घरी जाड कागदाची तेवढी नळी करून ठेवा. काही सुटं लावायचा मोह झाला की त्यात टाकून बघा.

बसण्यापूर्वी सुया आणि टाचण्या मोजा, उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी आली तरी खेळणं देऊ नका. लोहचुंबक सगळीकडून फिरवा, भरलेल्या खेळण्यातली टाचणी हाताला लागतेच असं नाही. आपल्या खाऱ्या हवेत सुयांना गंज लवकर चढतो आणि गंजलेली सुई वीण ओरबाडते. म्हणून यंत्राच्या तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात त्या टोचून ठेवा आणि वापरण्याआधी कोरड्या कापडाने पुसा.

मग खेळणं धुवा. हो, नवं कोरं असताना. कोमट पाणी, मऊ साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. ओलं असताना प्रत्येक पाय, कान, शेपटी जोरात ओढून बघा, डोळ्याचे टाके नखाने उचकटून बघा. तुमच्या हाताने निघालं नाही तर बरं, निघालं तर पुन्हा शिवा. वाळवताना पडवीत पंख्याखाली टांगा, मधूनमधून चुरगाळून फायबर मोकळं करा. ऊन पडलं की बाहेर. ठेवणीत डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्या मुलाच्या हाती लागल्या तर विष आहेत.

एक वर्षाखालचं बाळ झोपलं असताना पाळण्यात कुठलंच मऊ खेळणं ठेवू नका, नाकावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. आणि विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणन सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी ती नोंदणी करा. मानक आयएस ९८७३ आहे. सूट मिळाली तरी त्यातले नियम जाणून घ्या, मूल तेच असतं.

उरलेल्या मोज्याचे तुकडे, जुळणारा दोरा आणि चिमूटभर फायबर एका पिशवीत घालून खेळण्याबरोबर त्या घरी द्या. मुंबईला गेल्यावर शिवण उसवली तर आईला त्याच रंगाचं ठिगळ घालता येतं. पिशवीवर फक्त एवढं लिहा: भरायचं तोंड कुठे आहे.